चांदीच्या काठाचा, तडा गेलेला

मी एक जुना फ्रेंच जग बोलतोय. पोट चिनी मातीचं, तोंडाला चांदीचा काठ, वर चांदीचं झाकण. मी आज फुटणार हे कालपर्यंत नक्की होतं. आता काहीच सांगता येत नाही, म्हणून घाईघाईने बोलून घेतो.

फ्रान्समध्ये कुंभाराने मला भाजलं, चांदीकाम करणाऱ्याने नटवलं. शंभरेक वर्षं मी दुधाचा जग म्हणून मिरवलो. मग सीमा ओलांडून जर्मनीतल्या आखन शहराच्या जुन्या बाजारात आलो. तिथे जयंतरावांनी मला उचललं.

"अहो, पुन्हा भांडं?" नीताताई वैतागल्या.

"ताकाला छान आहे गं."

झालं! एका रविवारी त्यांनी फ्रिजमधलं गार ताक माझ्यात ओतलं आणि वरून कडकडीत तुपाची फोडणी. चर्र झालं, माझ्या पोटाला तडा गेला. बिचारे इतके ओशाळले! तडा भिंतीकडे करून ठेवायचे, पण ताक माझ्यातूनच घ्यायचे.

ते गेले, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून मला कोणी हात लावला नाही. चांदी काळी पडली.

आज त्यांच्या लेकीचा, निधीचा, पोल्टरआबेंड आहे. लग्नाआधी पाहुणे दारात चिनी मातीची भांडी फोडतात, नवरा-नवरी मिळून तुकडे झाडतात. इथला शकुन तो. नीताताईंना तडा गेलेलं भांडं घरात चालत नाही. तीन वर्षं मला टाकवलं नव्हतं त्यांना. काल मात्र मन घट्ट करून त्यांनी मला फोडायच्या खोक्यात घातलं.

पुण्याहून आलेल्या त्यांच्या सासूबाई, म्हणजे जयंतरावांच्या आई मालिनीबाई, खोक्यात डोकावल्या. दंतमंजनाने काठ घासून पाहिला.

"अगं नीता, चांदी आहे ही! काढून घे, निधीला जोडवी होतील. मग खुशाल फोडा."

माझी तर गाळणच उडाली. शंभर वर्षांची आमची सोबत, आणि काठ एकीकडे, पोट एकीकडे? नीताताईंनी सुरीचं टोक काठाखाली घातलंसुद्धा.

तेवढ्यात निधी आली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. तिने झाकण उघडून वास घेतला. तड्यात हिंग-जिरं अजून मुरलेलं होतं.

"आई, रीश्त नाख बाबा."

बाबांचा वास येतोय म्हणे. नीताताईंनी सुरी खाली ठेवली आणि मला पोटाशी धरून खूप रडल्या. "राहू दे आई. उद्या ताक यातच करू."

आता मी ओट्यावर आहे, गळतीसाठी खाली बशी. पोटात फ्रिजमधलं गार ताक. दारात भांडी फुटायला लागलीत. आणि मालिनीबाई कढल्यात तूप तडतडवत माझ्याकडेच येतायत.

अहो मालिनीबाई, जयंतराव हे तुमच्याकडूनच शिकले होते का? फोडणी जरा गार होऊ द्या हो!