मोज्याची आई

डाव्या पायाचा मोजा, पिवळा, टाचेशी विरलेला, चाटून चाटून ओला झालेला, धुण्याच्या यंत्रामागच्या कोपऱ्यात मिंटी कुत्रीच्या पुढच्या दोन पंजांमध्ये होता, आणि टॅम्सिन तो उचलायला वाकली तसा मिंटीच्या घशातून एक आवाज आला... पाच वर्षांत कधी न आलेला. फार खालचा, जवळजवळ विनवणीचा. पण गुरगुरच.

तिनं हात मागे घेतला. मोजा हेझलचा. हेझल आतल्या खोलीत पाळण्यात झोपलेली – झोपलीच आहे ना? – ती जाऊन बघून आली, नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे याची खात्री करून, दार नीट ओढून. मूल आता रांगू लागलं होतं. उद्या ते या कोपऱ्यात येणार, मोजा ओढणार... आणि काल तिचा नवरा ब्रोडी चहा ढवळता ढवळता म्हणाला होता, "बघ, हिनं नवऱ्यावाचून पोर काढलं. स्वस्तात पडली तुझ्यापेक्षा." मग हसू विझल्यावर, "पण आपल्या पोरीवर एकदा जरी गुरगुरली ना, टॅम, तर बाबांच्या शेतावर नेईन तिला." शेतावर नेणं म्हणजे काय, हे या गव्हाच्या मुलखात कुणी कुणाला विचारत नाही. तिथल्या जुन्या टाकीपलीकडे आधीची तीन कुत्री पुरलेली आहेत.

ती माझ्यावर गुरगुरली, हे त्याला सांगायचं नाही. किंवा सांगायलाच हवं. एखादी चांगली आई सांगेल.

सकाळी तिनं प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला होता. "पिल्लं नाहीत हो पोटात," बाई म्हणाल्या. "माज सरला की काहींच्या अंगाला वाटतं, आपण व्यालो. दूधसुद्धा उतरतं. आता दर खेपेला हेच होऊ शकतं. नसबंदी केलीत की सुटेल बिचारी. गर्भाशयात पू व्हायची भीतीही जाईल. लहानपणीच केली असती, तर स्तनातल्या गाठींचा धोकाही पुष्कळ टळला असता."

"आज आणू?"

"आज नको. दूध अंगात असताना कापलं, तर हे असंच रेंगाळू शकतं. आधी आटू दे. ती बाहेर गेली की मोजा काढून घ्या. आणि बाळाला लांब ठेवा."

लहानपणीच... नसबंदीची तारीख ठरली होती की. नोलीन, तिची सासू, याच टेबलाशी बसून टोस्टवर वेजिमाइटचा खारट काळा लेप फासत म्हणाली होती, "अगं, एकदा तरी होऊ दे की पिल्लं. आई झाल्याशिवाय बाईच्या जातीला निवांतपणा येत नाही." आणि टॅम्सिननं, कॉलेजात जीवशास्त्र शिकलेल्या टॅम्सिननं, हसून तारीख रद्द केली होती. पिल्लांचा योग आलाच नाही. दर माजाला मिंटी शेडमध्ये कोंडली गेली. आई झाली ती टॅम्सिन. निवांतपणा... तिसऱ्या आठवड्यातच तिचं दूध गेलं. "डब्याचं दूध काही विष नसतं," नोलीन तेव्हा म्हणाली होती, "माझ्या चौघांना कधी लागलं नाही, एवढंच." आणि दुधाबरोबर यायचं ते दुसरं काही, ज्याविषयी सगळ्या बायका खात्रीनं बोलतात, ते तर आलंच नाही. आली ती काळजी. श्वास बघायचा, दार बघायचं, पाणी किती गरम ते बघायचं. काळजी म्हणजेच ते असेल, असं ती स्वतःला समजावत आली होती.

तिनं जाळीचं दार उघडलं. अंगणात मॅगपाय पक्षी उतरले होते. मिंटी जाईना, मग गेली. टॅम्सिननं मोजा मुठीत घेतला. तो गरम होता.

मिंटी परतली. कोपरा हुंगला. यंत्राखाली, कपड्यांच्या टोपलीत, पुन्हा कोपऱ्यात... टॅम्सिनकडे तिनं पाहिलं, रागानं नाही, विचारल्यासारखं. एवढ्यात आत हेझल रडू लागली, आणि टॅम्सिन हलायच्या आधी मिंटी धावली, बंद दाराशी जाऊन उभी राहिली, शेपूट खाली, कान ताठ. तिच्या पोटाखालून फरशीवर पांढरे थेंब पडले. एक, मग आणखी एक.

काही आठवड्यांत हे आटेल. मग तिच्या आतलं जे असं धावतं ते डॉक्टरीणबाई काढून टाकतील, आणि तिची सुटका होईल. तोवर ब्रोडीला कळलं नाही तर. माझ्यातलं कुणी काय काढायचं? तिथे काढण्याजोगं...

रडणं वाढलं. आता जायचं, आधी कुत्री बाहेर, मग बाटली, मग... ती थांबली, नेहमीची धडधड उठायची वाट पाहत. मोजा मुठीत हळूहळू गार होत होता. धडधड आली नाही. दाराशी मिंटी कण्हत होती, आत मूल रडत होतं, आणि टॅम्सिन दोघींचं ऐकत उभी होती, पलीकडच्या घरातलं ऐकावं तशी. भीती नव्हती. आता ती काळजीसुद्धा नव्हती.