पुढची सीट

नोव्हेंबरमध्ये बाबा गेल्यावर घरातली आवराआवर आईने महिन्याभरात उरकली. कपडे चॅरिटी शॉपला, चष्मे ऑप्टिशियनच्या दानपेटीत, पुस्तकं मला. राहिली ती गॅरेजमधली टँडम. दोघांनी मिळून चालवायची लांबलचक हिरवी सायकल, खडीच्या आणि मातीच्या वाटांसाठी मुद्दाम घेतलेली, जाड टायरांची. पुढे बाबा, मागे आई. दर जूनमध्ये दोघं न्यूहेवनहून बोटीने फ्रान्समधल्या दिएपला उतरायची आणि आठवडाभर नॉर्मंडीतल्या शेतांमधून भटकून यायची. येताना चीज आणायची आणि ते आमच्या मिल्टन कीन्सच्या घरात महिनाभर वास मारत राहायचं.

"सतीशला देऊन टाकते," आई मार्चमध्ये म्हणाली. सतीश लेस्टरचा, बाबांचा ऑफिसमधला मित्र. त्याला आणि त्याच्या बायकोला, रेखाला, ती कधीपासून हवी होती. "मला एकटीला काय उपयोग? मागे बसून पायडल मारत राहिले तर गॅरेजच्या भिंतीवरच आपटेन."

मी केंब्रिजहून दर शनिवारी घरी जात होते. नोव्हेंबरपासून आई टेस्कोच्या पलीकडे कुठे गेली नव्हती. सायकल गेली की तिचं बाहेर पडणंही तिच्याबरोबर लेस्टरला जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"जूनमध्ये एकदा माझ्याबरोबर चल," मी म्हटलं. "मग दे."

"पुढे कोण बसणार?"

"मी."

"तू?"

"बाबांना येत होतं, मला का नाही येणार?"

"त्यांना पोहे पण करता येत होते. तुला येतात?"

शेवटी ती तयार झाली, पण अट घालून. "आल्यावर शनिवारी सतीश व्हॅन घेऊन येईल. तेव्हा वैभवीबाईंनी तोंड पाडायचं नाही."

सराव आम्ही मिल्टन कीन्सच्या रेडवेंवर केला. गावभर पसरलेले हे सायकलींचे लालसर रस्ते सपाट आणि गुळगुळीत. गाडी नाही, खड्डा नाही. तळ्याला फेऱ्या मारताना आमचं उत्तम जमलं. मी पुढे गप्प, आई मागे गप्प. मला वाटलं, आली आपल्याला टँडम.

दिएपला उतरलो तेव्हा ऊन पडलं होतं. शहर संपलं, डांबर संपलं आणि शेतांमधली पांढरी खडीची वाट सुरू झाली. पहिल्याच वळणावर पुढचं चाक मी एका खड्ड्याच्या कडेने सफाईने काढलं. मागचं चाक थेट खड्ड्यात गेलं.

"आई गं!" आई म्हणाली.

"लागलं?"

"नाही. चल."

पुढचा चर मी पाहिला, सीटवरून थोडी उठले, पार झाले. मागून पुन्हा "आई गं!" तिसऱ्या वेळी आईने पायडल मारणंच थांबवलं, आणि टँडमवर मागच्याने पाय थांबवले की पुढच्याचेही थांबतात.

"मी बटाट्याचं पोतं आहे का गं?"

"काय झालं?"

"अगं, सांग ना! मला तुझी पाठ दिसते फक्त. खड्डा आला की 'खड्डा' म्हणायचं. गिअर बदलताना 'गिअर'. थांबायचं असेल तर 'थांबतोय'. तुझे बाबा दिवसभर ओरडत असायचे. फ्रेंच लोक खिडकीतून बघायचे."

"बरं. सांगते."

आणि मी सांगितलं नाही. म्हणजे खड्डा दिसायचा, शब्दही आठवायचा, पण मी नुसतं हँडल वळवायचे. नोव्हेंबरपासून मी कामापुरतंच बोलत होते. स्मशानभूमीत, नंतर घरी, लोक म्हणत होते की वैभवी किती धीराची आहे, आणि मी त्या धीराला धरून राहिले होते. बाबांचे ते शब्द बाबांच्या जागेवर बसून मोठ्याने ओरडायचे, हे माझ्याने होईना.

मग एक वळण आलं आणि वळणावर गाय. वाटेच्या मधोमध, तपकिरी ठिपक्यांची, रवंथ करत उभी. मी दोन्ही ब्रेक दाबले आणि डावा पाय जमिनीला टेकवला. मागे आई पूर्ण जोराने पायडल मारत होती. सायकल उजवीकडे कलली, क्षणभर तशीच थांबली, आणि आम्ही दोघी अगदी सावकाश, एखादं कपाट आडवं करावं तशा, शेजारच्या शेतात पडलो.

कोणालाच काही लागलं नाही. पीक दाट आणि मऊ होतं. गाईने आमच्याकडे पाहिलं आणि ती निघून गेली.

"आई?"

मी सायकलखालून पाय सोडवून घेतला.

"आई, ठीक आहेस ना?"

"वैभवी," आई आडव्या अवस्थेत, नाकासमोरचं एक निळं फूल चिमटीत धरून म्हणाली, "हा जवस आहे."

"काय?"

"जवस गं! आपण चटणी करतो तो. अख्खं शेत जवसाचं!" तिने मान उचलली. शेत टेकडीपर्यंत निळं होतं, वाऱ्याने हलत होतं. "इतकी वर्षं आम्ही या भागातून जातोय, मला लांबून रानफुलं वाटायची. हे बोलले कसे नाहीत?"

"त्यांना जवस ओळखता यायचा?"

"छे. त्यांना कोथिंबीर आणि मेथीतला फरक कळायचा नाही."

आणि ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्याने, हेल्मेट डोळ्यांवर सरकेपर्यंत. मीही हसले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते मी हातमोज्याला पुसलं. आईने पाहिलं आणि स्वतःचं हेल्मेट सरळ केलं.

मग उठून कपडे झटकत ती म्हणाली, "मी बसते पुढे."

"तू?"

"का? तुझ्या जन्माआधीपासून सायकल चालवतेय मी. पुण्यात कॉलेजला जाताना माझ्या मैत्रिणीला, वरदाला, डबलसीट घेऊन जायचे. पोलीस दिसला की ती उडी मारायची, पोलीस गेला की परत बसायची. मागच्याला वेळेवर सांगणं म्हणजे काय ते मला माहितीये."

"पण मग बाबा असताना कधी पुढे का नाही बसलीस?"

"त्यांनी विचारलं नाही, मी मागितलं नाही." तिने वाटेकडे पाहिलं. "इतकी वर्षं मी फ्रान्स डावीकडे पाहिला, उजवीकडे पाहिला. समोर यांचा टीशर्ट."

मी षटकोनी पान्याने पुढची सीट खाली घेतली, मागची वर केली. आई पुढे बसली, घंटी दोनदा वाजवून पाहिली, आणि म्हणाली, "उजवा पाय वर. एक, दोन, चल!"

पहिल्या काही क्षणांत आम्ही वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलो. मग सायकल सरळ झाली.

"खड्डा!" आई ओरडली. "अजून एक! मोठे दगड! गिअर! परत गिअर, सॉरी, चुकीचा टाकला! डावीकडे कोंबड्या! समोर चर्च, अगदी टोकदार! आजोबा येतायत सायकलवरून, हात कर!"

"बाँजूर!" मी हात केला. मागे बसलेल्याचे हात मोकळे असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. आजोबांनीही हात केला.

माझ्यासमोर आईची पाठ होती. हेल्मेटखालून निसटलेले पांढरे केस, घामाने चिकटलेला गुलाबी टॉप, त्यावर जवसाच्या पाकळ्या. वाट कशी आहे, पुढे काय आहे, मला काही दिसत नव्हतं. आई सांगेल तेवढंच. मी पायडल मारत होते आणि महिन्यांनंतर मला पुढचं काही बघायची गरज नव्हती.

"चढ!" आई म्हणाली. "बोल काहीतरी, नाहीतर मी दमेन."

"काय बोलू?"

"काहीही. तुझ्या लॅबमधलं सांग. तो पुष्कर अजून दुसऱ्यांचं दूध पितो का फ्रिजमधलं?"

म्हणून मी पुष्करचं सांगितलं. ईशिताने आपल्या दुधाच्या बाटलीवर चिकटवलेली 'हात लावू नका' ही चिठ्ठी त्याने काढून स्वतःच्या बाटलीवर कशी लावली, ते सांगितलं. मग घरमालकिणीचं. मग काही कारण नसताना बाबांचं: शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये त्यांनी नर्सला नॉर्मंडीचा नकाशा काढून दाखवला होता आणि तिला जूनची सुट्टी घ्यायला लावणार होते, ते. आईला हे माहीत नव्हतं. ती चढावर धापा टाकत म्हणाली, "घेतली का तिने?"

"विचारलं नाही मी."

"विचार. इथे पाठवू तिला."

चढ संपत आला. आईच्या पायांचा वेग कमी झाला, पण ती उतरली नाही.

"वैभवी, फोन आहे का हातात?"

"खिशात आहे."

"काढ. सतीशला मेसेज टाक."

"आत्ता?"

"आत्ता. तुझे हात मोकळे आहेत ना? टाक, आई म्हणतेय, तुम्ही दुसरी बघा. सायकल द्यायची नाहीये." दोन पायडल मारून तिने जोडलं, "आणि लिही, सॉरी. आणि रेखाला म्हणावं, घेशील तेव्हा पुढे तू बस."

मी एका हाताने टाइप करत होते. सतीशचं उत्तर लगेच आलं, पण ते वाचायचं राहून गेलं, कारण आम्ही टेकडीच्या माथ्यावर पोचलो होतो. पुढे काय होतं ते फक्त आईला दिसलं. तिने 'उतार' म्हणायला तोंड उघडलं असावं. बाहेर आली ती नुसती आनंदाची किंकाळी, आणि मी फोन खिशात कोंबून हँडल घट्ट धरलं.