समोरच्या शाखेचा चहा

समोरच्या चहात अफूची बोंडं टाकत्यात, ही आवई पयल्यांदा उठवली कडू पाटलानं. बसला हुता आमच्याच बाकड्यावर, पीत हुता आमचाच चहा, आन् म्हनतो कसा, "रंगनाथा, जो एकदा तिकडं गेला तो परत फिरतो का? बोंडंच हायेत, दुसरं काय!"

आमच्या कारभाऱ्यांना तेवढंच पायजे हुतं. संशय म्हंजी त्यांचा जीव की प्रान. लगेच माझ्याकडं वळून, "मालन, मी म्हनत नव्हतो?" कवा म्हनले हुते ते देवाला म्हाईत.

आमचं हाटेल करंजी घाटाच्या अलीकडं, फाट्यावर. कुडाच्या भिंती, वर पत्रं. चहा, भजी, शेव. सासऱ्यांनी काढलेलं, आमी चालवलेलं. जमीन हुती, पन बाहात्तर सालच्या दुष्काळात जमिनीचं काय सांगता, ढेकळं खाता येत न्हाईत. ह्या हाटेलावरच आमची चूल पेटायची. ते बसलं तर मला डोक्यावर पाटी घिऊन सरकारी कामावर जायचं हुतं. कारभाऱ्यांची कंबर गेलेली, ते काय जानार!

आन् असल्या वखताला समोर 'नवरत्न उपाहारगृह' उभं ऱ्हायलं. पुन्याच्या कुन्या शेटचं. पाटीवर ही लांबड: शाखा पुणे, नगर, संगमनेर, श्रीरामपूर. सगळीकडं म्हनं तीच पाटी, तीच गुळगुळीत फरशीची टेबलं, तसाच चहा. म्यानेजर बी श्रीरामपुराहून बदलून आलेला. त्याला गाव म्हाईत न्हाई, कोन कुनाचा कोन, काय म्हाईत न्हाई. आमी हसायचो. अवो, इथं कोनाला साखर कमी, कोनाला भजं कडक, आमाला तोंडपाठ. ह्यो बाबा आल्या-गेल्याला एकच इचारतो, "काय देऊ?"

दुष्काळात हाटेल कोन काढतं, म्हनाल. तर खालच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं हुतं. शेतवाल्याच्या खिशात फुटकी कवडी नव्हती, पन माती उचलनाऱ्याच्या हातात दर शनवारी रोकड पडायची. आमच्या गावात पैसा कुठं हाय, हे त्या शेटला पुन्यात बसून दिसलं. आमाला फाट्यावर बसून दिसलं न्हाई.

पयल्या दोन-तीन पगारांना आमच्याकडं झुंबड उडाली. मग समोरची शाखा उघडली, आन् गर्दी अशी आटली की शनवारी बी भज्याचं पीठ उरायला लागलं.

मंग सुरू झाला कारभाऱ्यांचा तपास. अल्लाबक्ष ड्रायव्हर यष्टी आमच्याच दारात थांबवायचा, त्यामुळं त्याच्यावर भरवसा. त्याला समोरून तांब्याभर चहा आनाय सांगितला. तो चहा पाजला आमच्या मांजराला. मांजर प्यालं आन् चुलीपाशी जाऊन पसरलं.

"बगितलंस? गुंगी आली!"

"अवो, ते रोज ह्याच वक्ताला झोपतंय!"

"आज जास्त झोपलंय."

घ्या! अशा मानसाला काय सांगावं?

अफू सुटली, मग दूध धरलं. पुंजाराम गवळी दोन्हीकडं दूध घालायचा. "आपल्याला पानी घालतो, त्यांना निरसं देतो," असं कारभाऱ्यांच्या डोक्यात बसलं. सकाळी सकाळी त्याला आडवं घेतलं. पुंजाराम पन काय कमी न्हाई, म्हनाला, "जनावराला प्यायला पानी न्हाई, दुधात घालायला कुठनं आनू?" शबुदाला शबुद वाढला, आन् पुंजारामानं आमच्या वाटनीच्या दुधाची किटली उचलून सरळ समोर नेऊन दिली. त्या दिसापासनं दूध आनाय मला पार वस्तीवर जावं लागायचं. आगीतनं निघून फुफाट्यात, दुसरं काय.

शेवटी मीच म्हनले, घरात बसून ह्या मानसाच्या डोक्याला फाटे फुटतच ऱ्हानार. शनवारी पगार झाल्यावर पदर डोक्यावर घेतला आन् गेले समोर. गिऱ्हाईक म्हनून बसले कोपऱ्यात. म्यानेजरनं मला बी इचारलं, "काय देऊ?" महिनाभर मी त्याच्या डोळ्यासमोर भजी तळतीय, पन ओळख न्हाई!

चहा आला. पयला घोट घेतला आन् माझ्या जिवात जीव आला. नुस्तं गोड पानी! आल्याचा तुकडा न्हाई का वेलदोडा न्हाई. अरं, ह्याच्यासाठी लोक येत्यात व्हय?

तेवढ्यात तलावावरली टोळी आत आली. पुढं सहादेव. आमच्या गावच्या बौद्धवाड्यातला, टोळीतला जुना गडी. आला आन् मधल्या बाकड्यावर बसला, आमच्या चुलतदिराच्या शेजारी. मांडीला मांडी लागली. चुलतदीर हलला न्हाई. वेटरनं दोघांच्या पुढं कपबशा ठिवल्या. चहा झाला, तसं वेटरनं सगळे कप एका हातात उचलले आन् एकाच बादलीत बुडीवले.

मी बघतच ऱ्हायले.

आमच्याकडं सहादेवचा कप बाहेर असायचा. लिंबाच्या खोडाला खिळे मारलेले, त्याला तीन कप टांगलेले, वाड्यातल्या लोकांचे. त्यांनी यावं, कप काढावा, इसळावा, पुढं धरावा. आमी वरनं चहा वतायचा. पिऊन झालं की त्यांनीच धुवावा आन् खिळ्याला लावावा. सासऱ्यांच्या वक्तापासनं तसंच. भांडन न्हाई, तंटा न्हाई. कोनाच्या मनात बी आलं न्हाई की ह्याच्यात काय हाय.

आन् टोळीतले निम्मे गडी वाड्यातले हुते.

घरी येऊन कारभाऱ्यांना सांगितलं. त्यांचा इश्वास बसंना. "एवढ्यासाठी कोन जाईल? चहा तर त्योच लागतो, आतला काय आन् बाहेरचा काय!"

"मग तुमी बाहेर हुबं ऱ्हाऊन पिऊन बघा की एकदा!"

"मालन, तोंड आवर. त्यांना आत घेतलं तर कडू पाटील उठून जाईल."

"पाटलाच्या चहानं आपली चूल पेटती का? तुमचा चुलतभाऊ तिथं सहादेवच्या मांडीला मांडी लावून बसतोय, त्याला काय झालं?"

"तिथं चालतं. ती शाखा हाय. शाखा म्हंजी नगरच. नगरात कोन बघतं, कोन कुठं बसला ते? इथं गाव बघतंय."

मला असा राग आला म्हनता! पुन्याच्या शेटचा न्हाई, ह्याच मानसाचा. मांजराला चहा पाजायची अक्कल हुती, आन् हे दिसत नव्हतं. पुढल्या शनवारी मीच खिळ्याचे तिन्ही कप काढले आन् आतल्या कपात मिसळून टाकले. कारभारी बघत हुते. डोळं असं केलं जसं मी देव्हारा हालवला.

सांजच्याला टोळी रस्त्यानं समोर निघाली. मी दारात जाऊन हाक मारली, "सहादेवदादा, आत या. चहा घ्या."

सहादेव थांबला. आधी मागं वळून बघितलं, मी दुसऱ्याच कोनाला बलावतीय का ते. जल्मात मी त्याला दादा म्हनले नव्हते, अरं-तुरंच करायचे. मग लिंबाकडं बघितलं. खिळे रिकामे.

"आज काय इशेष, वैनी?"

"काय न्हाई. आत बसा, बाकड्यावर."

"मानूस म्हनून बलावता, का गिऱ्हाईक म्हनून?"

मानूस म्हनून, असं म्हनायला माझी जीभ उचलली हुती. पन त्याची नजर अशी रोखलेली, की खोटं बोलवंना.

"गिऱ्हाईक म्हनून," मी म्हनले.

तो हसला. "खरं बोललात. मग येतो."

बाकीची टोळी रस्त्यातच हुबी ऱ्हायली, बघत. सहादेव आत आला, बाकड्यावर टेकला. कडू पाटील अर्धा चहा टाकून उठला, "जरा गडबड हाय रंगनाथा," म्हनाला आन् गेला. बाकीचे उठले न्हाईत. नुस्ते सरकले. इतके सरकले, की सहादेवच्या दोन्ही बाजूला एकेक मानूस बसंल एवढी जागा झाली.

मी कपबशी ठिवली. कारभारी किटली घिऊन आले. आन् सवयीनं त्यांनी किटली वर धरली, हातभर वर, कपाला लागू नये म्हनून, आन् तिथनं धार सोडली. निम्मा चहा बशीत उडाला, थोडा सहादेवच्या धोतरावर.

सहादेवनं कपातला प्याला, बशीतला पन प्याला. तोंड पुसलं, पैसे ठिवले, उठला.

"चहा तुमचाच चांगला हाय, वैनी," तो म्हनाला. "पन बसायला तिकडंच बरं."

रस्ता वलांडून तो समोर गेला, आन् त्याच्यामागं टोळी बी गेली. सोमवारी सकाळी मी तलावाच्या कामावर माझं नाव घातलं.