लूथ

“छापील पुरावा आहे?” संपादक प्रिडोसाहेबांनी चष्म्यावरून विचारलं.

“छापील नाही. पण आई रोज म्हणते, साहेब. आज सकाळीच म्हणाली.”

“मग आईंनाच छापून आणा, मिस पिट.” साहेब हसले. मनानं वाईट नव्हते.

शब्द होता ‘लूथ’. वारा न लागणारी, उबदार आडोशाची जागा. शब्दकोशाच्या कचेरीतला नियम साधा होता. लोक काय बोलतात ते मोजायचं नाही, छापलेलं तेवढंच मोजायचं. छापलेलं वाक्य उतरवून घेतलेली लूथची शेवटची चिठ्ठी १६४८ सालची होती, म्हणून शब्द मेलेला. मेलेल्या शब्दापुढे कट्यारीची (†) खूण करायची. हेस्टर पिट एकोणीस वर्षं त्या खुणा करत होती. हात कधी अडखळला नव्हता. आज मात्र खूण करून तिनं लूथचं पान गठ्ठ्याच्या तळाशी सरकवून ठेवलं. पंधरा दिवसांनी ते छपाईला जाणार होतं.

घरी आई परसात भिंतीला टेकून बसली होती, खोकत.

“वाऱ्यात काय उभी राहतेस खुळ्यासारखी? ये, लूथमध्ये ये.”

“आई, तुझा हा शब्द मेलाय म्हणतात कचेरीत.”

“कोण म्हणतं? कधी मेंढरं राखलीत का त्यांनी डॉर्सेटच्या माळावर?” आईनं शाल ओढून घेतली. “आणि मी गं? मी काय भूत आहे?”

आठव्या दिवशी आई गेली.

गावाकडच्या साप्ताहिकात द्यायची दोन ओळींची बातमी हेस्टरनंच लिहिली: ‘ॲन पिट, वय एकोणऐंशी. वाऱ्यातून आली, आता लूथमध्ये आहे.’

“शब्द चुकलाय का, बाई?” तिथल्या कारकुनानं विचारलं.

“नाही. आहे तसाच छापा.”

अंक आला तशी तिनं रीतसर चिठ्ठी केली. डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली तारीख, साप्ताहिकाचं नाव, मग वाक्य. अवतरणात माणसाचं नाव लागत नाही, म्हणून तेवढं गाळलं.

प्रिडोसाहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग हेस्टरच्या बाहीवरची सुतकाची काळी पट्टी त्यांना दिसली.

“बसा, मिस पिट,” ते म्हणाले. लूथचं पान पुढे ओढून त्यांनी बारीक रेघ मारून कट्यार खोडली.

शनिवारी हेस्टर परसात गेली. भिंतीशी आईची खुर्ची तशीच होती. वारा सुटला होता. ती बराच वेळ वाऱ्यातच उभी राहिली.