दुसरा हात
धाकटी जाऊ माझ्याच प्रयोगशाळेत आली आणि वर्षभरात माझ्या डोक्यावर मिरे वाटायला लागली. आरएनएला चिकटणारं एक प्रोटीन तिने पेशींतून काढून टाकलं, तर म्हणे त्वचेच्या कॅन्सरची वाढच थांबली. घरी सासूबाईंना तिचं कौतुक पुरेना.

आमच्याकडे दुसऱ्याच्या हातून तोच प्रयोग जमल्याशिवाय निकाल खरा धरत नाहीत. सरांनी तो दुसरा हात नेमका माझा निवडला. मी प्रयोग चोख केला. तिची चूक काढायची तर माझी नको.

आज पेशींची बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवताना तोंडातून निघूनच गेलं, "वाढा गं बायांनो, भरभरून वाढा!"

मागे जाऊ उभी. "ताई, आशीर्वाद कोणाला देताय?"

मी भिंगातून पाहिलं. बशी जवळजवळ रिकामी होती.

"कॅन्सरला," मी म्हणाले. "पण मेल्यानं तुझंच ऐकलं."