मागचा सामना जिंकलात का?

शनिवारी दुपारी पावणेचारला रग्बीच्या मैदानावर यांतो रॉसर पडला आणि स्वतःचा स्वतः उठला. त्याला पडताना नीट पाहिलं ते एकाच माणसाने, मेन्ना प्रोबर्टने.

पाँटवेनचा एक धिप्पाड गडी चेंडू घेऊन कोपऱ्याकडे सुटला होता. यांतोने त्याच्या मांड्यांना मिठी घालून त्याला खाली आणला. चेंडू निसटला, सगळे चेंडूमागे धावले, पंचबाईही धावली. यांतो मागेच राहिला. त्या गड्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला होता. तो पालथा पडून होता, दोन्ही हात अंगाला लागलेले. मग उठला, एक गुडघा टेकून बसला आणि बुटाची नाडी बांधायला लागला.

नाडी बांधलेलीच होती. मेन्ना मैदानाच्या कडेच्या दोराशी उभी होती, तिथून तिला गाठ दिसत होती. यांतोने ती सोडली आणि पुन्हा बांधली. मग दुसऱ्या बुटाची सोडली.

मेन्नाने हात वर केला, बॅग उचलली आणि आत धावली. एकसष्टाव्या वर्षी ती जे करत होती त्याला धावणं म्हणायचं असेल तर.

ट्रेहेलिग सोळा, पाँटवेन चौदा. शेवटची पंधरा मिनिटं, हंगामाचा शेवटचा सामना. जिंकलं तर ट्रेहेलिग याच गटात राहणार, हरलं तर खालच्या गटात जाणार. आणि खाली गेलं तर पुढच्या वर्षी ट्रेहेलिग नावाचा संघच असणार नव्हता. खोऱ्यात दोन संघांपुरती पोरं उरली नव्हती. घसरलो तर पाँटवेनमध्ये मिसळून जायचं, हे मार्चच्या सभेत हात वर करून ठरलं होतं. हात वर करताना बहुतेकांनी खाली पाहिलं होतं.

मेन्ना आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात असे आणि शनिवारी मैदानाच्या कडेला. पाण्याच्या बाटल्या, बर्फ, पट्ट्या आणि दरवर्षी प्रथमोपचाराच्या शिबिरात नव्याने मिळणारं प्रमाणपत्र, एवढा तिचा संसार. संघातल्या निम्म्या पोरांना तिने शाळेत कस्टर्ड वाढलं होतं. ती सगळी तिला बोपा म्हणत. रक्ताचं नातं नसलेल्या मावशीला खोऱ्यात तसंच म्हणतात.

फेब्रुवारीपर्यंत तरी सगळेच म्हणत.

फेब्रुवारीत यांतोच्या डोक्याला असाच मार बसला. मार बसला की विचारायच्या पाच ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं देताना तो अडखळला आणि मेन्नाने त्याला बाहेर काढलं. नियमाप्रमाणे तीन आठवडे सक्तीची विश्रांती. इस्पितळात तपासणी झाली, काहीही निघालं नाही. त्या तीन आठवड्यांत ट्रेहेलिग तिन्ही सामने हरलं. कोणी तिला तोंडावर काही बोललं नाही. फक्त संघाच्या बसमधली ड्रायव्हरमागची सीट, जी कायम तिची असे, तिच्यावर आता सामानाच्या पिशव्या ठेवलेल्या असत. त्या काढून बसायचं की मागे जायचं, हे तिने ठरवायचं. ती मागे जाऊन बसे.

ती यांतोजवळ पोचली तोवर वॉटही तिथे आला होता. वॉट म्हणजे स्क्रममध्ये, दोन्ही संघांच्या समोरासमोरच्या रेटारेटीत, यांतोच्या खांद्याला खांदा लावून उभा राहणारा गडी, वजनाने दीड माणूस.

"काही नाही गं बोपा, नाडी बांधतोय बिचारा. घरी बायकोने बांधून द्यायचं बंद केलंय."

"वॉट, तू तिकडे जा."

"मी काय केलं?"

"फेब्रुवारीत माझ्या पाठीमागे उभं राहून बोटांनी उत्तरं दाखवत होतास. तिकडे जा. ऐकू येणार नाही इतका लांब."

वॉट चार पावलं मागे सरकला. मेन्ना यांतोसमोर उकिडवी बसली. त्याचे डोळे तिच्या डोळ्यांवर स्थिर होते. चेहरा पांढरा होता, पण तसा तो नेहमीच असे.

"आपण कुठल्या मैदानावर आहोत?"

"बोपा, समोर तुझं घर दिसतंय."

"नाव सांग."

"ट्रेहेलिग. आणि तुझ्या न्हाणीघराची खिडकी उघडी राहिलीये."

"कितवा हाफ?"

"दुसरा."

"शेवटचे गुण कोणी केले?"

"आपण. पेनल्टी. खांबाला लागून आत गेली."

"मागचा सामना कोणाशी झाला?"

"नांतेरीशी. त्यांच्या त्या गोठ्यात."

"जिंकलात का?"

"हरलो," यांतो म्हणाला. "दोन गुणांनी. ह्या वॉटने चेंडू पाडला."

"मी नाही पाडला!" वॉट लांबून ओरडला.



मागच्या शनिवारी ते नांतेरीत हरले होते, हे खरं. त्या पराभवाबरोबर हंगाम संपल्यातच जमा होता. पण गुरुवारी सरावानंतर सगळे क्लबात बसले असताना फोन आला. नांतेरीने नोंदणी न झालेला खेळाडू उतरवला होता, म्हणून सामना ट्रेहेलिगला बहाल झाला होता. गटाच्या तक्त्यातल्या त्या चार गुणांमुळेच आजच्या सामन्याला काही अर्थ होता, म्हणून तर दोरापलीकडे चारशे माणसं उभी होती. गुरुवारी क्लबात सगळ्यांत मोठ्याने ओरडला तो यांतो. मुलीला खांद्यावर घेऊन बाकावर चढला होता आणि बेसूर गात होता. मेन्ना चिप्सच्या प्लेट्स उचलत होती, तिने पाहिलं होतं.

म्हणजे मागचा सामना ट्रेहेलिगने जिंकला होता.

पण पूर्ण ऐंशी मिनिटं त्या चिखलात लोळलेल्या माणसाला विचारलं, तर तो काय सांगेल?

"झालं ना?" एमलिन रॉसर धापा टाकत आला. तो संघाचा प्रशिक्षक आणि यांतोचा बाप. मेन्ना आणि तो शाळेत एका बाकावर बसलेले. "पाच विचारलेस, पाच आले. चल रे, ऊठ."

"पाचवं उत्तर ऐकलंस?"

"ऐकलं. खरं तेच बोलला तो. हरलोच होतो."

"एमलिन, गुरुवारी—"

"गुरुवारचं ते कागदावरचं, मेन्ना. तू मैदानावरचं विचारलंस, त्याने मैदानावरचं सांगितलं. गुरुवारी गाडीत घरी जातानाही हेच बडबडत होता. 'बाबा, ते काहीही म्हणोत, मी तर हरलोच.' हेच शब्द."

"गाडीत आणखी कोण होतं?"

एमलिनने तिच्याकडे पाहिलं. "मी आणि तो. का? साक्षीदार पाहिजे तुला?"

पंचबाई जवळ आली. दुसऱ्या खोऱ्यातली, तरुण, शांत. "मी घड्याळ थांबवलंय," ती म्हणाली. "मार बसला तेव्हा माझी पाठ होती. तुम्ही पाहिलाय, तर निर्णय तुमचा."

मेन्ना यांतोकडे वळली. "यांतो, गुरुवारी क्लबात काय झालं?"

"पाचच प्रश्न असतात!" एमलिनचा आवाज चढला. "सहावा कुठून काढलास? नियम तो नियम, तूच सांगतेस ना आम्हाला?"

यांतोने बापाकडे पाहिलं, मग मेन्नाकडे.

"गुरुवारी सराव होता," तो म्हणाला.

"आणि मग?"

"मग घरी गेलो."

दर गुरुवारी सराव असतो. दर गुरुवारी मग ते घरी जातात. यांतोच्या बोलण्यात चुकीचा एक शब्द नव्हता.

"बोपा," तो हळूच म्हणाला, "मी ठीक आहे गं. फेब्रुवारीतही ठीकच होतो की नाही?"

"होतास."

"मग? माझ्या जागी कोण आहे आपल्याकडे?"

कोणी नव्हतं. स्क्रमच्या पुढच्या रांगेत मधोमध उभं राहायला मान तयार झालेला माणूस लागतो, तिथे कोणालाही ढकलता येत नाही. त्या जागी खेळणाऱ्या दुसऱ्या पोराचं हाड जानेवारीत मोडलं होतं. यांतो बाहेर गेला तर नियमाप्रमाणे स्क्रममधली खरी रेटारेटी बंद होणार आणि वर दंड म्हणून ट्रेहेलिगचा एक माणूस कमी होणार. आज ट्रेहेलिग पुढे होतं ते फक्त स्क्रमच्या जोरावर.

"नाडी का सोडलीस?" मेन्नाने विचारलं.

"कुठली नाडी?"

"बुटाची. बांधलेली होती."

यांतोने बुटांकडे पाहिलं. "सैल होती," तो म्हणाला.

असेलही. दोराशी उभं राहून गाठ दिसते, ती घट्ट आहे की सैल ते दिसत नाही.

दोरापलीकडे शोनेद उभी होती, यांतोची बायको, लेकीचा, कादीचा हात धरून. मेन्नाने तिच्याकडे पाहिलं. शोनेदने मान ना होकाराची हलवली ना नकाराची.

"मेन्ना," एमलिन आता खालच्या आवाजात म्हणाला. "माझा पोरगा आहे तो. मला काळजी नसेल का? पंधरा मिनिटं आहेत फक्त. मग मी स्वतः घेऊन जातो त्याला इस्पितळात, तू म्हणशील त्या. पंधरा मिनिटं दे."

शिबिरात दरवर्षी एकच सांगत, शंका आली की बाहेर. खात्री असेल तर नव्हे, शंका असेल तर. मेन्नाला ते ऐकताना नेहमी सोपं वाटलं होतं.

ती उठली. गुडघ्याने कटकन आवाज केला. पंचबाईकडे बघून तिने स्वतःच्या डोक्यावर तळहात ठेवला.

पंचबाईने मान डोलावली आणि यांतोला बाहेरची दिशा दाखवली.

दोरापलीकडून कोणीतरी एकच शब्द बोललं. "परत?"

यांतोने वाद घातला नाही. चेंडू गोल आहे की लांबट यावरही वाद घालणारा माणूस, पण तो मुकाट उठला. मेन्ना त्याच्या कोपराला धरून चालली. एमलिन जागेवरच उभा राहिला. त्यांच्या मागे वॉट म्हणाला, "बोपा, काय केलंस गं हे." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

बाकीचं सांगण्यासारखं फार नाही. चौदा जण दहा मिनिटं टिकले. मग पाँटवेनने डाव्या कडेला, जिथे ट्रेहेलिगचा माणूस कमी होता, बरोबर तिथेच वाट काढली. सोळा-एकवीस. शिट्टी झाल्यावर पाँटवेनच्या पोरांनी नाचणं आवरतं घेतलं, पुढच्या वर्षी यांच्याच सोबत खेळायचंय हे त्यांना ठाऊक होतं. वॉट मैदानाच्या मधोमध बसून राहिला. मेन्नाने त्याला पाण्याची बाटली नेऊन दिली. त्याने घेतली, प्यायला, आणि तिच्याकडे न बघता परत दिली.

यांतोला इस्पितळात नेलं ते शोनेदनेच. डोक्याचा फोटो निघाला. रक्तस्राव नाही, सूज नाही. डॉक्टर म्हणाले, फोटोत दिसत नाही म्हणजे काही नाही असं नव्हे, पण सध्या तरी सगळं ठीक. यातलं पहिलं वाक्य गावात पोचलं नाही. रविवारी दुपारपर्यंत मांसवाल्याच्या दुकानापासून बसस्टॉपपर्यंत एवढंच पोचलं होतं, की यावेळीही काही निघालं नाही.

सोमवारी क्लबातून निरोप आला. शुक्रवारी शेवटची सभा आहे, प्रथमोपचाराची बॅग त्याआधी आणून द्यावी. निरोपात आभार मानले होते.

मंगळवारी सकाळी शाळेच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारावर टकटक झाली. मेन्ना बटाटे सोलत होती. दारात शोनेद होती.

"मुलीला सोडायला आले होते," ती म्हणाली. "म्हटलं बघून जावं."

"ये. चहा ठेवू?"

"नको. निघायचंय." पण ती आत आली आणि टेबलाला टेकून उभी राहिली. एक बटाटा उचलून हातात फिरवत राहिली.

"कसा आहे तो?"

"खातोय, झोपतोय. डोकं दुखतं म्हणतो थोडं. बाबा रोज येऊन बसतात. दोघं काही बोलत नाहीत, टीव्ही बघतात."

मेन्नाने सोलणं थांबवलं. "शोनेद, गुरुवारी तो घरी कसा आला?"

"बाबांच्या गाडीतून. मी कादीला घेऊन आधीच निघाले होते, तिची झोपायची वेळ झाली होती." ती जराशी थांबली. "तू गाडीतल्या बोलण्याचं विचारतेयस ना? मी पण विचारलं त्याला. म्हटलं, गाडीत बाबांना खरंच तसं म्हणालास का?"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बाबा सांगतायत तर म्हणालो असेन."

गॅसवरच्या मोठ्या पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं होतं. मेन्नाने आच कमी केली.

"आणि गुरुवारचं? बाकावर चढून गात होता ते?"

"तेच सांगायला आले." शोनेदने बटाटा खाली ठेवला. "माझ्या फोनवर व्हिडिओ आहे त्याचा. कादी खांद्यावर, आणि हा गातोय. काल लावून दाखवला. म्हटलं बघू काय करतो."

"मग?"

"हसला. शेवटपर्यंत बघितला. म्हणाला, काय घाणेरडा आवाज आहे माझा."

"पहिल्यांदाच बघतोय असं बघत होता का?"

"पहिल्यांदाच बघत होता, व्हिडिओ. ते नव्हे, मला कळतंय तू काय विचारतेयस." तिने कोटाची बटणं लावली, एक चुकलं, पुन्हा लावलं. "मला नाही सांगता येत, बोपा. मी त्याच्याकडेच बघत होते, तरी नाही सांगता येत."

दारापर्यंत गेल्यावर ती वळली.

"आज सकाळी मी निघताना माझा फोन मागून घेतला त्याने. म्हणाला, तो कादीचा व्हिडिओ पुन्हा लावून दे. दिलाय लावून. अजून तिथेच बसला असेल."