देवरावांचा काढा आणि चिंधूची पन्नी

कोरोनाच्या दोन हिवाळ्यांत देवरावांना साधी शिंकही आली नाही, आणि त्याचं सगळं श्रेय त्यांनी आपल्या काढ्याला देऊन टाकलं. त्याआधी थंडी पडली की ताप ठरलेला: आधी देवराव अंथरुणात, मग त्यांची बायको सिंधुताई, मग शेजार. पण तुळस, अद्रक आणि मिऱ्याचं कडूजहर पाणी पिऊन आपण भिलाईतला फ्लू मुळासकट उपटला, असं ते सेक्टरभर सांगत फिरले.

"तवा तुमचा खर्रा बंद होता, म्हून ताप नाई आला," सिंधुताई म्हणायच्या. "काढ्याचं कौतुक मले नका सांगू."

हे देवरावांना फार झोंबायचं, कारण खरं असायची शक्यता होती. एरवी स्टील प्लांटची शिफ्ट सुटली की सायकल स्टँडवर चिंधू क्रेनवाला खिशातून प्लास्टिकची पन्नी काढायचा. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला खर्रा. एका पन्नीत सगळ्या टोळक्याची बोटं, तीच तोंडात, तीच पुन्हा पन्नीत. कोरोनात जो तो चार हात लांब होता. आता पन्नी परत आली होती आणि तापही.

त्यात त्यांची लेक रेणू यायची होती. तिची मुलगी अपुऱ्या दिवसांची, महिनाभर काचेच्या पेटीत राहिलेली. देवरावांनी नात अजून मोबाइलवरच पाहिली होती.

"बाबा, डॉक्टरनं सांगितलं, सर्दीवालं कोणी बाळाजवळ नको," रेणू फोनवर म्हणाली. "थोडे दिन लोगों से दूर राहा ना."

"तू बिनधास्त ये. मी काढा पिऊन राहिलो."

तरी ते दूर राहिले. सायकल स्टँड टाळून मागच्या गेटनं घरी यायचे. पण रेणू यायच्या दोन दिवस आधी चिंधूनं त्यांना त्या मागच्या गेटवरच गाठलं. नाक लाल, आवाज बसलेला.

"घे बे." त्यानं पन्नी पुढं केली.

"नको. नात येऊन राहिली."

"कावून? आता आमचं उष्टं चालत नाई तुले? साहेब झाला का?"

देवरावांच्या आईच्या मयतीत पहिला खांदा चिंधूनं दिला होता. त्याच्या पन्नीला नाही म्हणायची देवरावांची छाती झाली नाही. त्यांनी चिमूट घेतली आणि घरी येऊन दोन ग्लास काढा ढोसला.

रेणू आली त्या सकाळी देवराव तापानं फणफणले होते. सिंधुताईंनी त्यांना मागच्या खोलीत टाकलं आणि बाहेरून कडी लावली. नवऱ्याला कोंडण्यात त्यांना थोडं समाधानही वाटलं असावं.

दुपारी कुंपणापलीकडून खोकत चिंधू ओरडला, "देवराव, मलेही ताप आला बे. तुझा काढा दे ना थोडा."

"सगळा घेऊन जा," देवराव आतून म्हणाले.

मग रेणू बाळाला घेऊन अंगणात, त्यांच्या खिडकीच्या जाळीपाशी आली. इवलंसं तोंड टोपड्यात झाकलेलं. देवरावांचा हात आपोआप जाळीकडे गेला आणि त्यांनीच तो मागं घेतला.

"दूर ने तिले," ते म्हणाले.

रेणू दोन पावलं मागं सरली.

"अजून. त्या जामाच्या झाडापाशी."

ती त्या पेरूच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. देवरावांचा चष्मा बाहेरच्या खोलीत राहिला होता. त्यांना फक्त गुलाबी टोपडं दिसत होतं.

"हां, आता बराबर," ते म्हणाले. "दिसून राहिली मले. तुयासारखीच आहे."